पेलेट ग्रिलची राख वर्षातून एकदाच काढावी का?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये उन्हाळा लागला की एक संदेश फिरू लागतो. पेलेट ग्रिलमधली, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या लाकडी गोळ्या (पेलेट) जाळून विजेवर चालणाऱ्या ग्रिलमधली, राख वर्षातून एकदा, हंगाम संपताना काढली तरी पुरते, असे त्यात ठासून सांगितलेले असते. त्यासाठी चार कारणे दिलेली असतात: लाकडाच्या गोळ्या पूर्ण जळतात, उरलेली राख पंखा उडवून लावतो, तळाशी राखेचा थर असला की चुलीसारखी धग टिकते आणि वरचेवर साफ केल्याने ग्रिलचा मुरलेपणा जातो. यांतले एकही कारण तपासणीला उतरत नाही.

राख थोडी पडते, हे खरे आहे. घर तापवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पेलेटच्या अमेरिकी मानकात वरच्या दर्जासाठी राखेची मर्यादा वजनाच्या 1 टक्का आहे. ग्रिलच्या पेलेटलाही तोच अंदाज लावला, तर 20 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 9 किलोच्या पिशवीमागे फार तर 90 ग्रॅम राख पडेल. पण प्रश्न वजनाचा नाही, जागेचा आहे. राख हलकी आणि फुगीर असते, आणि ती जिथे तयार होते तो फायर पॉट, म्हणजे गोळ्या जळण्याचा पेला, जेमतेम मोठ्या पेल्याएवढा असतो. त्याच पेल्यात ऑगर, म्हणजे फिरता स्क्रू, गोळ्या आणून टाकतो, जाळ पेटवणाऱ्या इग्नायटरची कांडी त्यातच शिरलेली असते आणि हवा येण्याची भोकेही त्याच्याच अंगाला असतात. परातीत नगण्य वाटणारी राख या पेल्यात अडसर ठरते.

पंखा राख उडवतो, हेही अर्धेच खरे. तो फायर पॉटमधली हलकी राख वर ढकलतो. ती ग्रिलच्या तळाशी आणि ज्वालेवरच्या पत्र्यावर बसते, काही अन्नावरही येते. ती ग्रिलबाहेर टाकण्याची सोय पंख्याकडे नाही. जड कण आणि अर्धवट जळालेल्या गोळ्यांचा चुरा तर पेल्यातच राहतो.

चुलीचा दाखला मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो नेमका उलट बाजूने बोलतो. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर आजी निखाऱ्यांवर राख ओढून ठेवत असे आणि पहाटे ती बाजूला सारून, फुंकणीने फुंकून जाळ करत असे. राखेखाली निखारा टिकत होता तो हवा तुटल्यामुळे. तो जळायचा थांबत नसे, मंदावत असे. पेलेट ग्रिलला मंद निखारा नको असतो, त्याला भरपूर हवेवर जळणारा लहान, स्वच्छ जाळ लागतो. भोके राखेने बुजली की जाळ मंदावतो आणि तापमान उतरते. तापमान उतरले म्हणून नियंत्रक आणखी गोळ्या मागवतो आणि त्या गोळ्या उरलासुरला जाळही गुदमरवतात. गेल्या वर्षी रात्रभर शिजायला ठेवलेल्या मांसाच्या बाबतीत माझ्याकडे हेच झाले. पहाटे झाकण उघडले तेव्हा ग्रिल थंडगार होते, फायर पॉट न जळलेल्या गोळ्यांनी काठोकाठ भरला होता, आणि त्या उपसल्यावर खाली इग्नायटरच्या कांडीला वेढून बसलेला राखेचा करडा, घट्ट थर दिसला. मांस टाकून द्यावे लागले. अशा वेळी गोळ्या न उपसता ग्रिल पुन्हा पेटवणे धोक्याचे असते: त्या ढिगातून आधी दाट पांढरा धूर निघतो आणि कोंडलेल्या धुराने एकदम पेट घेतला, तर झाकण उडण्याएवढा भडका होऊ शकतो.

मुरलेपणाचा मुद्दा बिडाच्या तव्यावरून उचललेला आहे. तव्यावर तेलाचा पातळ थर भाजून पक्का होतो. राखेचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट राखेला दमट हवेत पाणी सुटले की ती खारट, क्षारयुक्त लगदा होते आणि पत्र्याला गंज चढवते. ग्रिल हिवाळाभर राखेसकट झाकून ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मग राख किती वेळा काढावी? प्रत्येक वापरानंतर काढण्याची गरज नाही. मंद आचेवर 9 किलोची पिशवी साधारण 20 तास किंवा त्याहून अधिक पुरते. म्हणून दर पिशवीमागे एकदा, हा हिशेब मी धरतो. मोठ्या आचेवर गोळ्या लवकर संपतात, तेव्हा तास न मोजता पिशव्याच मोजाव्यात. रात्रभराच्या स्वयंपाकाआधी आणि जाळ मध्येच विझल्यानंतर मात्र पिशवीचा हिशेब बाजूला ठेवून फायर पॉट रिकामा करावा. भोकांतून उजेड दिसला आणि इग्नायटरची कांडी मोकळी दिसली, की काम झाले.

राख काढताना आजीचा निखारा पुन्हा आठवावा: वरून गार दिसणाऱ्या राखेत तो दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. ग्रिल पूर्ण थंड झाल्यावरच, वीज तोडून हात घालावा. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर कोमट राखेला कधीही लावू नये, कारण आतली पिशवी पेटू शकते. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून, ती बादली घरापासून आणि लाकडी डेकपासून दूर ठेवावी आणि काही दिवसांनीच कचऱ्यात टाकावी.