स्नूपीची जन्मसाल-पट्टी

आई सॅन होजेला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा स्नूपी हा कापडी कुत्रा बाथरूममधल्या दांडीला दोन्ही कानांनी लटकत होता. कानांना एकेक चिमटा, नाकातून टपटप पाणी.

"किती कळकट झाला होता रे! भांड्यांच्या साबणानं चोळला, तेव्हा कुठे पांढरा दिसतोय."

"आई, तो धुवायचा नसतो!"

"का? कुत्रा आहे म्हणून?"

आता हिला काय सांगायचं! गेल्या वर्षी रविवारच्या जुन्या बाजारातून नव्वद डॉलर मोजून आणला होता (बायकोला 'वीस' सांगितलंय). बुडाशी शिवलेल्या कापडी पट्टीवर स्पष्ट 1968! बाजारातल्या बाईनं पट्टीवर बोट ठेवलं आणि मी विरघळलो.

मग मी आईला सगळं पुराण ऐकवलं. चार्ल्स शुल्झनी 1950 साली 'पीनट्स' ही चित्रमालिका सुरू केली, पहिल्याच आठवड्यात हे कुत्रं आलं, 1969 साली अपोलो 10 च्या चांद्रयानालाही याचंच नाव दिलं.

"अगोबाई! चंद्रावर उतरलं?"

"उतरलं नाही. ती रंगीत तालीम होती. पंधरा किलोमीटरवरून परत फिरलं."

"म्हणजे पंढरपूरला जाऊन वाळवंटातनंच माघारी."

पट्टी शाबूत होती, तेवढाच धीर. फोटो काढून एका जाणत्या संग्राहक मित्राला पाठवला. त्याचा लगेच फोन. म्हणाला, 1968 हे बाहुली बनवल्याचं साल नाही, ते त्या चित्राच्या हक्काचं. पुढे कित्येक वर्षं पट्टीवर तेच छापत राहिले. तुझा ऐंशीच्या दशकातला दिसतोय. असले पाच-दहा डॉलरला पडलेले असतात.

फोन स्पीकरवर होता. आई भाजी निवडत होती.

"अरे, पेढ्याच्या खोक्यावर 'स्थापना 1935' असतं, म्हणून आतला पेढा काय पस्तीस सालचा असतो?"

एवढी साधी गोष्ट त्या बाजारात उभं असताना मला सुचली नव्हती. सुचणार कशी? मी तेव्हा मनातल्या मनात स्नूपीला काचेच्या कपाटात बसवत होतो, अपोलोपेक्षा एक वर्षानं वडील म्हणून.

तेवढ्यात बायको आत आली. "पाच-दहा डॉलरचा? मग वीसला थोडा महागच पडला की रे."

"थोडा," मी म्हणालो.

आईनं मेथीच्या जुडीतून मान वर करून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि स्नूपीचे कान पिळत बसलो.