रब्बींचे (ज्यू धर्मगुरूंचे) वाद आणि ‘बनावट’ परंपरा: खुलासा

‘ज्यूंची मौखिक परंपरा (धर्मग्रंथाचे तोंडी चालत आलेले अर्थ आणि नियम) देवाने दिली असती तर रब्बी भांडले नसते, म्हणजे ती बनावट’ असा मेसेज फिरतोय. श्रद्धा ज्याची त्याची, पण परंपरेचं म्हणणं त्यात चुकीचं आलंय. १२व्या शतकातले ज्यू धर्मपंडित मायमोनिडीज सांगतात: सिनाय पर्वतावर देवाकडून मोशेला मिळालेल्या अर्थांवर वाद नाहीच, उदा. सुक्कोत सणासाठी धर्मग्रंथात सांगितलेलं फळ म्हणजे एत्रोगच (महाळुंग), यावर दुमत नाही. वाद होतात ते तर्काने काढलेल्या नियमांवर. शिवाय हिलेल आणि शम्माई या दोन जुन्या रब्बींचे शिष्य गुरूंकडे पुरेसे शिकले नाहीत म्हणून वाद वाढले, हे तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथच आडपडदा न ठेवता नोंदवतं. उदा. हनुक्का या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाला शम्माईपंथी आठ दिव्यांपासून रोज एक कमी करायला सांगत, हिलेलपंथी एकापासून वाढवायला. आज रीत हिलेलपंथीयांची चालते, तरी दुसरं मत पुसलेलं नाही. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासाही टाका.