टेकडी का घसरली आणि पिशव्या का होत्या: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

आम्ही झाडं लावून सजवून दिलेल्या तुमच्या माशांच्या टँकबद्दल तुम्ही दोन स्टार देऊन तीन तक्रारी लिहिल्यात. आतली टेकडी दोन महिन्यांत घसरून सॉइल (झाडांसाठीची दाणेदार माती) पुढच्या काचेला आलं, सॉइलचे पैसे घेऊन आम्ही खाली ‘दगडांच्या पिशव्या कोंबल्या’, आणि मागच्या कोपऱ्यात फूटभर उंची मागूनही दिली नाही. सोबत फोटो टाकलेत ते बरं झालं, त्यामुळे नेमकं बोलता येतं.

पिशव्यांचं आधी सांगतो, कारण तिथे आमच्या सचोटीवर बोट आहे. बिलात सॉइलच्या 9 लिटरच्या तीन बॅगा आणि जाळीच्या पिशव्यांतला लाव्हा रॉक, म्हणजे ज्वालामुखीचा दगड, वेगवेगळ्या ओळींत लिहिलेला आहे, दरही वेगळा आहे. तुमचा टँक 36 बाय 18 इंचांचा. पुढे 2 इंच आणि मागे 8 इंच, म्हणजे सरासरी 5 इंच थर धरला तर 50 लिटरच्या वर माल लागतो. सगळं सॉइलच भरलं असतं तर सहा बॅगा लागल्या असत्या. खर्च वाचतोच, पण तो वाचत नसता तरी आम्ही हेच केलं असतं. मॉन्टे कार्लोसारख्या कार्पेटच्या, म्हणजे तळावर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या, झाडाची मुळं वरच्या थरातच राहतात, तळातल्या सॉइलचा त्याला उपयोग नाही. उलट सात-आठ इंच सॉइल स्वतःच्या वजनाने दबतं, दाणे फुटून गाळ होतो, आत ऑक्सिजन पोचत नाही आणि मग सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होतो. लाव्हा रॉक सच्छिद्र आहे, त्यातून पाणी खेळतं, जिवाणू वस्ती करतात आणि तो दबत नाही. टँकमध्ये पाण्याखाली बाग फुलवण्याची ही कला जगभर पोचवणारे जपानचे ताकाशी अमानो (1954–2015) यांच्या पद्धतीतही सॉइलखाली प्युमिसचा, म्हणजे ज्वालामुखीच्याच सच्छिद्र दगडाचा, थर असतो.

आता उंची. दाणेदार मालाचा ढीग तीसेक अंशांपर्यंत उभा राहतो, त्यापुढे ओघळतो. पाण्याखाली पंपाचा प्रवाह, मासे, सायफन (तळ साफ करायची नळी) हे सगळे त्याला सतत हलवत असतात, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या बरंच आत राहावं लागतं. आम्ही दिलेला उतार 18 अंशांच्या आसपास आहे. तुम्ही मागितलेली फूटभर उंची पुढून मागे 18 इंचांच्या अंतरात बसवली तर तो 29-30 अंशांवर जातो. ते अशक्य नाही, पण त्यासाठी दगडांचे टप्पे हवेत. डोंगरावरच्या शेतात ताली घालून माती अडवतात, अगदी तसे. तेवढे दगड घेतले असते तर झाडांना आणि माशांना जागाच उरली नसती. हे तेव्हाही बोललो होतो आणि आजही माझं मत तेच आहे.

मग इतका सौम्य उतार घसरला कसा? तुमच्या तिसऱ्या फोटोत लाकडामागे वाडग्याएवढा खड्डा आहे, कार्पेटचे तुकडे उपटलेत, आणि कडेला दोन जिओफेगस जातीचे मासे दिसतात. टँक ताब्यात दिला तेव्हा त्यात फक्त टेट्रा जातीचे मासे होते. जिओफेगस दिवसभर तळ तोंडात घेऊन चाळतो आणि कल्ल्यांतून बाहेर टाकतो. जगण्याची त्याची ती रीतच आहे, त्यात त्या माशाचा काही दोष नाही. पण उतार धरून ठेवतात ती मुळंच, आणि कार्पेट नीट जाळं धरायला दीड-दोन महिने लागतात. त्या आधीच उकरणारा मासा आला की कुणीही बांधलेली टेकडी टिकत नाही. मलाही तो फोटो बघून वाईट वाटलं. ती झाडं आमच्या मुलांनी चिमट्याने एकेक करून लावली होती.

तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. जिओफेगस ठेवायचे असतील तर सॉइल काढून तळाला बारीक वाळू सपाट घालू, अनुबियास आणि जावा फर्न ही झाडं लाकडाला बांधू. मात्र हे मासे चांगलेच वाढतात, तीन फूट त्यांना पुढे अपुरे पडतील, हे आत्ताच लक्षात घ्या. टेकडी हवी असेल तर मासे दुसऱ्या टँकमध्ये हलवा. मग पाणी अर्ध्यावर आणून पुढचं सॉइल कपाने उचलून मागे घेऊ आणि मध्ये दगडांची एक कमी उंचीची ओळ बसवू. दोन्हींपैकी काहीही ठरवलंत तरी मजुरी घेणार नाही, नवीन झाडं आणि सामान लागलं तर तेवढेच पैसे. लाव्हा रॉकचे पैसे परत मिळणार नाहीत, तो माल तुमच्या टँकमध्ये आहे आणि कामाचा आहे.

आम्ही येईपर्यंत सॉइल हाताने मागे ढकलू नका, सायफनही तळात खुपसू नका. गाळ वर येऊन पाणी गढूळ होईल आणि अमोनिया वाढण्याचा धोका राहील. रोज थोडं पाणी बदला, फिल्टर चालू ठेवा. काय ठरवलंत ते दुकानात फोन करून सांगा, त्याप्रमाणे मुलांना पाठवतो.