"तुम्हाला काय करायचंय" म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी शेजारच्या पाडकामाच्या साइटवरून विटांचा एक अख्खा तुकडा खाली गल्लीत आला. जिथे पोरं स्कूलबसची वाट बघत उभी असतात, तिथून पाच-सहा हातांवर. नशिबाने कुणाला लागलं नाही. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर पहिला रिप्लाय काय, "ताई, कशाला वाकडं घ्यायचं, उद्या आपलीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारे." डोकंच फिरलं माझं. उद्या आपल्याला मोठा फ्लॅट मिळणार म्हणून आज कुणाच्या पोराच्या डोक्यात वीट पडली तरी चालेल का?

कोथरूडमध्ये हल्ली गल्लीगल्लीत पोकलेन उभं आहे. मान्य, जुन्या बिल्डिंगी पाडाव्याच लागणार, लिफ्ट नसलेला तिसरा मजला सत्तरीतली माणसं कशी चढतात ते मलाही दिसतं. पण पाडायची एक पद्धत असते ना! वरून खाली, एकेक मजला, चारी बाजूंनी जाळी, पाण्याचा फवारा, रस्त्याच्या बाजूला उंच पत्रे. इथे तोडलेला राडारोडा वरच्याच स्लॅबवर साचवून ठेवलाय, जाळी एका बाजूला फाटून लोंबतेय, आणि हे सगळं आपापल्या गॅलरीतून दिसतं, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत. मागे पलीकडच्या प्लॉटवर बेसमेंटचा खड्डा खणायला घेतला तेव्हा आमच्या कंपाउंड वॉलला बारीक तडा दिसला. सगळे म्हणाले, जुनाच असेल. काकांनी काचेची एक पातळ पट्टी घेतली, तड्यावर आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली आणि शेजारी मार्करने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तुटणार, एवढं साधं. पहिल्या मोठ्या पावसानंतर जाऊन बघितलं तर काच मधोमध तुटलेली. तोपर्यंत "कुछ नहीं होता" म्हणणारा साइट इंजिनिअर तारखेसकट फोटो बघून गप्प झाला आणि लेखी अर्ज गेल्यावर खड्ड्याच्या कडेला टेकू लागले.

ती भिंत पडली असती तर आपल्या अंगावर पडली नसती. पलीकडे तिला लागूनच मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यांच्यावर गेली असती. कोंढव्यात 2019 च्या जूनमध्ये हेच झालं. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या खोल्यांवर कोसळली आणि 15 माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. आपल्या भिंतीपलीकडच्या त्या पत्र्याच्या खोल्यांतल्या बाया आपल्याच गेटवर हंडे घेऊन पाणी मागायला येतात हो, त्यांची पोरं आपल्या पोरांकडे बघून हात हलवतात. मला ते आठवलं की ग्रुपवर भांडायचंही त्राण राहत नाही.

म्हणून सांगते, खड्डा खणत असतील तर काठाशी मातीचे ढीग रचलेत का बघा. आपल्या भिंतीला, जिन्याला, पार्किंगच्या फरशीला नवा तडा दिसला तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहा, काकांसारखी काच लावा. परांचीवरच्या माणसाला पट्टा, हेल्मेट आहे का बघा. साइटच्या बोर्डावर परवानगीचा नंबर, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव असतं, त्याचा फोटो आजच काढून ठेवा, बोर्डच नसेल तर पहिली तक्रार तीच करा. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या वेबसाइटवर नोंदणी झालेल्या प्रोजेक्टची माहिती कुणालाही बघता येते. रात्री 10 ते सकाळी 6 वस्तीत काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवायचा नाही हा नियम आहे, कुणाची मेहेरबानी नाही. महापालिकेकडे ऑनलाइन तक्रार टाकली की नंबर जपून ठेवा, आणि एकट्याने टाकू नका, दहा घरांनी टाका. एकट्या माणसाला "यांना सवयच आहे" म्हणून उडवून लावतात, हे मी बघितलंय. काही लोक खंडणीसाठी तक्रारी करतात, तेही खरं आहे, पण म्हणून आपण तोंड शिवून बसायचं का?

आणि काही हलताना, झुकताना दिसलं तर ग्रुपवर चर्चा नको, सरळ फायर ब्रिगेडला 101 लावा आणि आधी खालच्या खोल्यांमधल्या माणसांना बाहेर काढा.

उद्या संध्याकाळी मी आणि काका साइटवर जाणार आहोत. जाळी नीट करून घ्यायची आणि पोरांच्या शाळेच्या वेळेत रस्त्याच्या बाजूचं तोडकाम बंद ठेवायचं, एवढं लेखी मागणार आहोत. यायचं असेल त्यांनी कमेंट करा. ज्यांना वाकडं वाटतंय त्यांनी निदान उद्या सकाळी पोरांना पलीकडच्या फुटपाथवर उभं करा.