विहिरीचे पाणी उकळण्यासंबंधी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

कारखान्याचे सांडपाणी विहिरीत झिरपले तरी पाणी वीस मिनिटे उकळून त्यात तुरटी फिरवली की ते पिण्यायोग्य होते, असा संदेश सध्या गोव्यातील फोंडा आणि डिचोली भागांतील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. हा दावा चुकीचा असून लहान मुले असलेल्या घरांसाठी विशेष धोक्याचा आहे.

उकळण्याने जंतू मरतात, त्यामुळे कावीळ किंवा जुलाबाच्या साथीत तो सल्ला योग्यच आहे. मात्र शिसे व कॅडमियम हे विषारी धातू आणि नायट्रेट हा क्षार ही विरघळलेली द्रव्ये उष्णतेने नष्ट होत नाहीत. मिठागरात पाणी उडून मीठ मागे राहते, त्याप्रमाणे ती भांड्यात राहतात आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण उलट वाढते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, नायट्रेट नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (मानक क्रमांक आयएस 10500, वर्ष 2012) शिशाची मर्यादा लिटरमागे अवघी 0.01 मिलिग्रॅम आहे, आणि एवढे शिसे डोळ्यांना दिसत नाही की जिभेला कळत नाही.

खरा उपाय कारखान्याच्या आवारातच व्हायला हवा: चुन्याने आम्लता घालवून धातू गाळाच्या रूपात वेगळे करायचे आणि तो गाळही उघड्यावर टाकायचा नाही. 1974 च्या जल कायद्यानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय सांडपाणी सोडता येत नाही.

विहिरीबद्दल शंका असल्यास ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरणे थांबवावे, नमुन्याची जंतूंबरोबर धातूंसाठीही तपासणी करून घ्यावी आणि मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा कळवावा.