‘गोळी हा आळशी लोकांचा मार्ग’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

थायरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून सप्लिमेंटवर जाऊ नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर वाशीहून तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या बहिणीने गोळी सोडून अश्वगंधा, सेलेनियम आणि बायोटिन सुरू केलं, आणि आता तिचा रिपोर्ट नॉर्मल आहे. तुमच्या मते डॉक्टर पेशंटचं ऐकून घेत नाहीत आणि मी औषध कंपन्यांची भलामण करते. आणि मग हे वाक्य: ‘ताई, गोळी हा आळशी लोकांचा मार्ग. गोळी घेतली की ग्रंथी आळशी होते आणि माणूसही.’

तुमचं मत वेगळं आहे याचं मला वाईट वाटलेलं नाही. माझ्याशी कडाकडा भांडलेल्या किती तरी वाचक आज माझ्या मैत्रिणी आहेत. पण ज्या आजारात माणूस थकून जातो, त्या आजाराच्या माणसाला तुम्ही आळशी म्हणताय. सुरुवातीला ‘ताई’ लावलं म्हणून तो अपमान सौम्य होत नाही.

माझ्या मुलीच्या जन्मानंतरचे दिवस सांगते. नौपाड्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढताना मध्येच पायरीवर बसावं लागायचं. विंचरताना केसांचे पुंजके हातात यायचे, भर मे महिन्यात पंखा नकोसा व्हायचा, लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळा लागायचा. घरचे म्हणायचे, बाळंतपणानंतर हिला बसून खायची सवय लागली. ऑफिसात साहेब म्हणायचे, मॅडमचं कामात लक्ष नाही. ऐकून ऐकून मलाही ते पटायला लागलं होतं. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपून बघितला, टीएसएच ही रक्ताची तपासणी करायला लावली (थायरॉइड कमी पडली की टीएसएच वाढतं) आणि कारण कागदावर आलं. तो कागद हातात घेऊन मी लॅबच्या बाहेर रडले, कारण माझ्यात खोट नव्हती हे पहिल्यांदा कोणीतरी लेखी दिलं होतं. तुम्ही तो शब्द किती सहज टाइप केलात! ज्यांनी तो वर्षानुवर्षं ऐकलाय त्या बायका हा लेख वाचतात, याचा विचार करायला हवा होता.

आता ग्रंथीच्या आळसाबद्दल. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी आहे अशा ठिकाणी थायरॉइड कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. म्हणजे पहिली गोळी पोटात जाण्याआधीच ग्रंथीचं नुकसान झालेलं असतं. या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन म्हणजे ती ग्रंथी जे टी-फोर नावाचं हार्मोन तयार करायची तेच, बाहेरून दिलेलं. ते मिळालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच कमी सोडते आणि ग्रंथीचं काम हलकं होतं, एवढं खरं. पण ग्रंथी निरोगी असेल तर गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ती पूर्ववत चालायला लागते. जी चालत नाही ती आजारामुळे. गिरणीच जळली असेल तर दारात गव्हाची पोती रचून पीठ पडत नाही. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये थायरॉइड कमी पडलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली. त्याआधीचे असे रुग्ण सुजत, मंदावत जायचे. त्यांनी पथ्य पाळलं नव्हतं असं म्हणायचंय का तुम्हाला?

आणि गोळी घेणं सोपं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा ते एक तास चहा-कॉफीला हात लावायचा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब ठेवायच्या. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. डबे भरायचे, मुलांना उठवायचं, ठाण्याहून लोकल पकडायची, आणि हे सगळं बिनचहाचं. एक दिवस करून बघा.

माझी मावशी कळव्याला पोळीभाजी केंद्र चालवायची. पहाटे चारला तवा तापलेला असायचा. तिच्या सोसायटीत पावडरचे डबे विकणाऱ्या एका बाईने तिला पटवलं की गोळीने ग्रंथी सुस्तावते. तुमचंच वाक्य! मावशीने गोळी सोडली. लेव्होथायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे ती ठणठणीत होती आणि श्रेय पावडरीला गेलं. मग आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, हिशेब चुकायला लागले. मुलं म्हणाली, वय झालं. शेवटी ती उठेचना तेव्हा आयसीयूत न्यावं लागलं. शुद्धीवर यायला दिवस लागले. आज ती बरी आहे आणि गोळी घेते. तिला जाऊन सांगा, तू आळशी आहेस म्हणून.

बाकीचे मुद्दे लांबवत नाही. ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात येते, गोळी कशी घ्यायची तेही कोणी सांगत नाही, हा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सेलेनियमने काही अभ्यासांत ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडी कमी झाल्या, हेही मान्य. पण म्हणून गोळीची गरज संपली असं होत नाही. अश्वगंधेचा जो अभ्यास सगळे पुढे करतात तो २०१८चा, ५० जणांवरचा, आठ आठवड्यांचा, आणि तोही टीएसएच जरासंच वाढलेल्या लोकांवरचा. कंपन्यांच्या भलामणीचं म्हणाल, तर लेव्होथायरॉक्सिन सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि बायोटिनच्या एका डब्याच्या पैशांत माझ्या कित्येक महिन्यांच्या गोळ्या येतात. गिऱ्हाईक कोण कोणाचं झालंय ते तुम्हीच बघा.

राहिला बहिणीचा रिपोर्ट. ती बायोटिन घेते असं तुम्हीच लिहिलंय, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं. बऱ्याच लॅबमधल्या तपासणीच्या पद्धतीत इतकं बायोटिन रक्तात असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, बायोटिनमुळे तपासण्या चुकीच्या येऊ शकतात असा इशारा २०१७ मध्येच दिला होता. म्हणजे तो नॉर्मल रिपोर्ट नॉर्मल नसूही शकेल.

तेव्हा माझ्यावरचा राग बाजूला ठेवा आणि तिला एवढं करायला सांगा: बायोटिन निदान दोन दिवस बंद, लॅबवाल्याला ते घेत होते हे सांगायचं, टीएसएचसोबत फ्री टी-फोरही (रक्तात मोकळं असलेलं टी-फोर) करायचं आणि गोळी सोडण्याआधीचा जुना रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटायचं. ती दिवस राहण्याच्या वयाची असेल तर हे याच आठवड्यात करा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड तयार नसते, ते आईच्याच टी-फोरवर वाढतं.