‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हाच उत्तर द्यायला बसले होते, पण मुद्दाम थांबले, रागात लिहिलेलं नंतर मलाच आवडत नाही. आता शांतपणे लिहितेय, तरी कुठे आवाज चढला तर त्याला तुमची भाषाही तितकीच कारण आहे.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. ‘थ्री ऑफ अस’ या हिंदी सिनेमाबद्दल मी जे लिहिलं त्यावर यांचं म्हणणं असं की, “दीड तास कोणी काही करत नाही, नुसते फिरतात आणि समुद्राकडे बघतात, याला कलाकृती फक्त तुमच्यासारखे लोक म्हणू शकतात, कारण तुम्हाला आवडल्याचं दाखवायचं असतं.” शिवाय मी शेवट फोडला, वेबमालिकांपैकी ‘पाताल लोक’ला चार ओळींत गुंडाळलं आणि ‘अ‍ॅडोलसन्स’चं नको तितकं कौतुक केलं, अशा आणखी तीन तक्रारी.

शेवटाचं आधी. आकाशपाळण्यातल्या प्रसंगाबद्दल लिहिण्याआधी सावध करायला हवं होतं, मान्य. मूळ लेखात वर तशी ओळ टाकलीय. झालं?

आता ते ‘दाखवायचं असतं’. सिनेमा संथ वाटला, कंटाळा आला, अर्ध्यात बंद केला, हे सगळं तुम्ही लिहू शकता आणि मी एका शब्दानेही वाद घालणार नाही, माझ्या घरातसुद्धा दोघं मध्येच उठून गेले होते. पण मला तो आवडलाच नाही आणि मी आवडल्याचं नाटक करतेय, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही मला ओळखत नाही. स्वतःचं नावसुद्धा न लिहिता दुसऱ्याला खोटं म्हणायचं, हे मत नाही, हा आरोप आहे, आणि त्याचं उत्तर मी देणार.

माझ्या मोठ्या मावशीला डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार होता. सुरुवातीचे दिवस आम्हा कोणालाच कळले नाहीत कारण बाहेरून बघणाऱ्याला खरंच काही घडत नव्हतं. ती बोलायची, हसायची, स्वयंपाक करायची, फक्त बोलता बोलता एखाद्या नावापाशी थांबायची आणि मग विषय इतक्या सफाईने बदलायची की आपल्याला वाटावं हिला दुसरं काहीतरी आठवलं. तिला ते माहीत होतं, आम्हाला नव्हतं. पुढे तिला एकच ध्यास लागला, लहानपणी राहायची ते घर एकदा बघायचं. आम्ही म्हणायचो पुढच्या सुट्टीत जाऊ. आमचं जाणं झालं तोवर ते घर कोणाचं हे तिला सांगावं लागलं.

आणि मी ‘थ्री ऑफ अस’मधली शैलजा बघते. फॅमिली कोर्टात नोकरी करणारी, नीटनेटकी, तोच आजार अगदी सुरुवातीला असलेली बाई, जी आठवतंय तोवर लहानपणीच्या वेंगुर्ल्याला जाऊन यायचं ठरवते. शेफाली शाह एखाद्या वाक्याआधी जे किंचित थांबते ना, ते मी घरात बघितलंय. त्यात तो नवरा. आपली बायको ज्याचं नाव आपण कधी ऐकलं नव्हतं अशा बालमित्राबरोबर, प्रदीप कामतबरोबर, आपल्यापेक्षा मोकळी हसतेय हे तो गप्प बसून बघतो, भांडत नाही, आरडाओरडा करत नाही. स्वानंद किरकिरेंचा चेहरा त्या वेळी बघा, आणि मग मला सांगा की काही घडत नाही. तुम्ही फोन खाली ठेवून बघितला होतात का, हे विचारायचा मोह होतोय, पण तुम्ही माझ्याबद्दल अंदाज बांधलेत तसे मला तुमच्याबद्दल बांधायचे नाहीत.

राहिलं ‘तुमच्यासारखे लोक’. म्हणजे कसे लोक? मी मारधाडीचे सिनेमे शिट्ट्या मारत बघितलेत, आजही बघते. तुम्हाला जो ‘पाताल लोक’ इतका प्रिय आहे त्याचा नागालँडमधला दुसरा सीझन जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा रात्री जागून आठही भाग संपवलेत मी. आणि तो सीझन दिग्दर्शित कोणी केलाय? अविनाश अरुण. ‘थ्री ऑफ अस’ कोणाचा? त्यांचाच. तिथला पोलीस हाथीराम चौधरी आणि इथला प्रदीप कामत, दोन्ही जयदीप अहलावतच. त्याच दिग्दर्शकाने त्याच नटाला एकीकडे धावायला लावलं की तुम्हाला चालतं आणि दुसरीकडे गप्प बसवलं की तो दिखावा, आणि तोही त्यांचा नाही, माझा! मी त्यांचं काम ‘किल्ला’ या मराठी सिनेमापासून बघतेय, तेव्हाही कोकण होतं, पाऊस होता आणि एक मुलगा नुसता बघत बसायचा, आणि त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘थ्री ऑफ अस’च्या छायाचित्रणालाही फिल्मफेअर मिळालाय. पुरस्कार मिळाला म्हणून तुम्हाला आवडायलाच हवं असं अजिबात नाही, पण मग ‘फक्त तुमच्यासारखे लोक’ यातलं ‘फक्त’ तरी काढा.

‘पाताल लोक’वर चारच ओळी, कारण त्यावर सगळीकडे भरभरून लिहून आलंय, माझ्याकडे वेगळं सांगण्यासारखं नव्हतं. ‘अ‍ॅडोलसन्स’चे चारही भाग एकेका सलग शॉटमध्ये घेतलेत आणि तिसऱ्या भागात खुनाचा आरोप असलेला तो मुलगा आणि ती मानसशास्त्रज्ञ एका खोलीत बसून नुसतं बोलतात, तरी माझे हात गार पडले होते. कौतुक जास्त झालं असेल तर होऊ दे, एक शब्दही मागे घेणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. सिनेमाबद्दल पुन्हा लिहिलंत तर नक्की बोलू, अगदी कडाडून टीका करा. माझ्या खरेपणाबद्दल लिहिलंत तर मात्र उत्तर मिळणार नाही.